पाणी तापेना, की तापणे थांबेना?

घरोघरी तांब्याचा बंब होता तेव्हा पाणी किती तापू द्यायचे हे आजी ठरवीत असे. बोट बुडवून पाहायचे आणि निखारे ओढून घ्यायचे. विजेच्या गिझरमध्ये आजीचे हे काम थर्मोस्टॅटकडे आले आहे.

जुन्या धर्तीच्या थर्मोस्टॅटमध्ये पाण्यात बुडालेली एक पितळी नळी असते आणि तिच्या टोकाला आतून इन्व्हारची कांडी जोडलेली असते. इन्व्हार हा लोखंड-निकेलचा मिश्रधातू गिलोम या शास्त्रज्ञाने १८९६ साली शोधला; १९२० साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. पितळ तापले की लांबते, इन्व्हार जवळजवळ लांबत नाही. म्हणून कांडी आत ओढली जाते, 'टक्' आवाज होतो आणि वीज तुटते. पाणी निवले की ती पुन्हा जुळते.

पाणी नीट तापत नाही म्हटले की आपण बिचाऱ्या थर्मोस्टॅटला दोष देतो. आधी हिशेब करावा. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला २ किलोवॅटच्या गिझरला सुमारे १८ मिनिटे लागतात. विजेचा दाब २३० व्होल्टवरून १८० वर घसरला, तर उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटून शंभराची एकसष्ट उरते आणि त्याच पाण्याला अर्धा तास लागतो. डहाणूचे ५०० मेगावॅटचे वीजकेंद्र तालुक्यातच आहे, तेव्हा सायवनला दाब भरपूर मिळणारच, असे कुणी समजू नये. घरातला दाब केंद्राच्या अंतरावर ठरत नाही. रोहित्रापासून, म्हणजे आपल्या डीपीपासून, आलेल्या तारेची लांबी, जाडी आणि तिच्यावरचा भार यांवर तो बराचसा ठरतो. तिथे थर्मोस्टॅट बदलून काय होणार?

तापण्याचा दिवा लागतो पण पाणी गारच राहते, तर बहुधा कॉइल जळलेली असते. पाणी कोमट होताच दिवा विझतो, तर मात्र संशय थर्मोस्टॅटवर घ्यावा. तो कमी अंशांवर लावलेला नाही ना, हे आधी पाहावे. खात्रीसाठी वायरमनने मुख्य खटका बंद करून, तारा सोडवून, मीटर लावावा. थंड थर्मोस्टॅटच्या दोन टोकांत रोध जवळजवळ शून्य दिसला पाहिजे, आणि २ किलोवॅटच्या कॉइलचा सुमारे २६ ओहम.

खरी भीती उलट बिघाडाची. थर्मोस्टॅटची टोके ठिणग्यांनी एकमेकांना चिकटली की पाणी तापतच राहते. अशा वेळी वीज तोडायला कटआउट नावाचा दुसरा पहारेकरी असतो. तो वारंवार पडतो म्हणून काही कारागीर त्याला तार जोडून बाजूला सारतात. एका लिटर पाण्याची सोळाशे लिटरांहून अधिक वाफ होते, आणि टाकी ती किती काळ कोंडून धरणार? तेव्हा नळातून वाफ फुसफुसू लागली, तर नळाला हात न लावता मुख्य खटका पाडावा, मंडळींना न्हाणीघराबाहेर काढावे, आणि दुरुस्तीला आलेल्या माणसाला पहिला प्रश्न विचारावा : कटआउट जागेवर आहे ना?