पोषणतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ : कार्यक्षेत्रातील भेद

प्रस्तावना :
आहार व आरोग्य यांविषयीची जाणीव वाढत असताना सल्ला देणाऱ्यांची संख्याही वाढत आहे. मात्र मराठीत ‘न्यूट्रिशनिस्ट’ व ‘डायटीशियन’ या दोघांनाही बहुधा ‘आहारतज्ज्ञ’ असेच म्हटले जाते. त्यामुळे रुग्णाने नेमके कोणाकडे जावे, याविषयी संभ्रम निर्माण होतो. प्रस्तुत लेखात हा भेद स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

पोषणतज्ज्ञ :
अन्नघटक, त्यांचे शरीरातील कार्य आणि लोकसमूहाची पोषणस्थिती हे पोषणतज्ज्ञाचे मुख्य अभ्यासविषय होत. रॉबर्ट मॅक्कॅरिसन यांनी १९१८ साली कुन्नूर येथे बेरीबेरीच्या संशोधनाचे काम सुरू केले. त्यातूनच पुढे हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था आकारास आली. कुपोषण निर्मूलन, शालेय आहार, क्रीडापोषण ही या तज्ज्ञांची प्रमुख क्षेत्रे आहेत.

आहारतज्ज्ञ :
आहारतज्ज्ञ विशिष्ट रुग्णाचा विचार करतो. रोगनिदान, रक्ततपासणीचे अहवाल व चालू औषधे पाहून तो आहार ठरवितो. १९६३ साली स्थापन झालेली इंडियन डायटेटिक असोसिएशन ही संस्था रुग्णालयातील प्रशिक्षणानंतर परीक्षा घेऊन ‘नोंदणीकृत आहारतज्ज्ञ’ ही मान्यता देते.

भेदाचे महत्त्व :
निरोगी व्यक्तीस नारळपाणी, केळी व डाळी हितकारक ठरतात. परंतु मूत्रपिंड निकामी होत असलेल्या रुग्णाच्या रक्तात पोटॅशियम साचू शकते व त्याचा हृदयाच्या ठोक्यांवर गंभीर परिणाम होऊ शकतो. प्रथिनांचे प्रमाणही रोगाच्या अवस्थेनुसार बदलावे लागते. म्हणजेच समाजासाठी योग्य असलेला सल्ला एखाद्या रुग्णास घातक ठरू शकतो.

कायदेशीर स्थिती :
ब्रिटनमध्ये ‘डायटीशियन’ हे पदनाम कायद्याने संरक्षित आहे. ‘न्यूट्रिशनिस्ट’ तसे नाही. भारतात संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय राष्ट्रीय आयोग अधिनियम, २०२१ मध्ये पोषणविज्ञानाच्या एकाच गटात दोन्ही व्यवसायांचा स्वतंत्र उल्लेख असून व्यावसायिकांच्या नोंदणीची तरतूद आहे.

निष्कर्ष :
हा भेद श्रेष्ठ-कनिष्ठतेचा नसून कार्यक्षेत्राचा आहे. दोन्ही व्यवसाय परस्परपूरक आहेत. तथापि रुग्णाने फलकावरील पदनामावर विसंबून न राहता सल्लागाराची पदवी, रुग्णालयीन प्रशिक्षण व नोंदणी यांची चौकशी करणे आवश्यक आहे. अध्यापक व विद्यार्थी यांनीही ‘पोषणतज्ज्ञ’ व ‘आहारतज्ज्ञ’ हे शब्द काटेकोरपणे वापरल्यास हा संभ्रम दूर होण्यास मदत होईल.