दोन नलिकांची गोष्ट

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात, तिसाव्या अध्यायात, वीस योनिव्यापदांची म्हणजे स्त्रीच्या जननमार्गाच्या विकारांची चर्चा येते. त्यांपैकी दोन विकार जन्माआधीचेच आहेत. ‘सूचीमुखी’ म्हणजे जिचे द्वार सुईच्या टोकाएवढे आहे ती. गरोदरपणी आईच्या आहारविहाराने वाढलेला वात हे तिचे कारण सांगितले आहे. ‘षंढी’चे कारण बीजदोष, आणि ती असाध्य. दोष गर्भातच घडू शकतो, हे आपल्या वैद्यांनी ओळखले होते. पण कसा घडतो याचा उलगडा व्हायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले.

1830 साली योहानेस म्युलर या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने जननेंद्रियांच्या गर्भावस्थेतील घडणीवर ग्रंथ लिहिला. त्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दोन नलिका सुरुवातीला प्रत्येक गर्भात असतात, मुलगा असो वा मुलगी. मुलाच्या वृषणातून पाझरणारे एक संप्रेरक त्या विरघळवून टाकते. मुलीत त्या वाढतात, वरून खाली उतरतात आणि मध्यावर एकमेकींना भेटतात. वरची टोके वेगळी राहतात, त्या गर्भनलिका. खालचा भाग जुळून गर्भाशय आणि योनिमार्गाचा वरचा भाग तयार होतो. जुळताना मध्ये राहिलेला पडदा पुढे विरून जातो. बीजकोश मात्र या नलिकांपासून बनत नाहीत. त्यांचे मूळ वेगळे.

एवढे ध्यानात घेतले की पुढचे कोडे बरेचसे सुटते. नलिका जुळल्याच नाहीत तर दोन गर्भाशये होतात. अर्धवट जुळल्या तर गर्भाशय द्विशृंगी होते. जुळल्या, पण पडदा विरला नाही तर बाहेरून एकसंध दिसणाऱ्या गर्भाशयात आत भिंत उरते. एकच वाढली तर एकशृंगी. दोन्ही वाढल्या नाहीत तर गर्भाशयच नाही, किंवा त्याच्या नुसत्या खुणा. हा शेवटचा प्रकार सुमारे पाच हजार मुलींमागे एकीत आढळतो. 1829 मध्ये मायर, 1838 मध्ये रोकिटान्स्की आणि विसाव्या शतकात क्युस्टर व हाउसर यांनी त्याची वर्णने केली. म्हणून या चौघांची नावे त्याला जोडली आहेत.

प्रत्यक्षात मात्र मुलगी वैद्याकडे येते ती एकच तक्रार घेऊन. पंधरा-सोळा वर्षांची झाली, अजून पाळी नाही. ‘येईल उशिरा, आमच्या घराण्यातच तसं आहे,’ असे म्हणून दोन-तीन वर्षे सहज जातात. वास्तविक या एका तक्रारीमागे अगदी वेगवेगळी कारणे असतात. शरीराची वाढ वयाप्रमाणे झालेली आहे आणि पोटात काहीच दुखत नाही, अशा मुलीला गर्भाशय नसण्याची शक्यता तपासावी लागते. तिचे बीजकोश काम करतात, म्हणूनच वाढ नीट झालेली असते. दुसरीचे पोट दर महिन्याला दुखते. तिला पाळी येतेच आहे, पण वाट बंद असल्याने रक्त आत साठते आहे. द्वाराशी नुसता पातळ पडदा असेल तर छोट्या शस्त्रक्रियेने ती मोकळी होते. तोवर पोटदुखीची औषधे कितीही दिली तरी व्यर्थ. तिसऱ्या एखादीची गुणसूत्रे पुरुषाची असतात आणि तिच्या शरीराला पुरुषसंप्रेरकांची भाषा कळत नाही. ही गोष्ट रक्ताच्या तपासणीतच उघड होते.

सर्वांत फसवी असते ती चौथी. तिला पाळी वेळेवर येते, म्हणून कोणी शंकाच घेत नाही. पण तिची गर्भाशये दोन आणि त्यांतल्या एकाची वाट बंद. पाळीगणिक वेदना वाढत जातात. अशा मुलीत बंद बाजूचे मूत्रपिंड बहुधा नसते, कारण मूत्रमार्ग आणि या नलिका गर्भात शेजारीशेजारी घडतात. म्हणून जाणता डॉक्टर गर्भाशयात वेगळेपणा दिसला की सोनोग्राफीत मूत्रपिंडेही मोजतो, आणि मुलीत एकच मूत्रपिंड दिसले की गर्भाशयाकडे नजर टाकतो.

निदानाची साधने बदलली तसा उपचारही बदलला. पूर्वी गर्भाशयात औषध सोडून क्ष-किरण चित्र काढत. त्यात आतली पोकळी दिसते, बाहेरची रेषा दिसत नाही. त्यामुळे द्विशृंगी गर्भाशय आणि आत भिंत असलेले गर्भाशय सारखेच भासते. पहिल्यात भिंत समजून दुर्बिणीने छेद घेतला तर गर्भाशयाला भोक पडण्याचा धोका. त्रिमित सोनोग्राफी आणि एमआरआय बाहेरची रेषाही दाखवतात. नुसत्या पाहण्यासाठी पोटात दुर्बीण घालण्याची वेळ आता क्वचित येते.

यंत्राचे काम इथे संपते, माणसांचे सुरू होते. पुष्कळदा निदान आईवडिलांना कानात सांगितले जाते आणि जिचे शरीर आहे तिला लग्न ठरेपर्यंत, कधी लग्न झाल्यावरही, कळत नाही. मग फसवणुकीचा आरोप होतो, माघारी धाडले जाते आणि ‘वांझ’ हा शब्द तिच्या कपाळी येतो. जी गोष्ट आईच्या पोटात पहिल्या काही महिन्यांत घडून गेली, तिचा जाब वीस वर्षांनी त्या मुलीला विचारला जातो. आईलाही दोष देण्याचे कारण नाही. बहुतेक वेळा ठाम कारण सापडतच नाही.

आणि ‘असाध्य’ हा शब्दही आता पूर्वीइतका पक्का राहिलेला नाही. योनिमार्ग विस्तारकांच्या नियमित वापराने, पुष्कळदा शस्त्रक्रियेविना, तयार करता येतो; पण तो केव्हा करायचा, करायचा की नाही, हे तिने ठरवायचे. बीजकोश शाबूत असल्याने सरोगसीने स्वतःच्या बीजाचे मूल होऊ शकते. 2014 साली स्वीडनमध्ये, जन्मतः गर्भाशय नसलेल्या स्त्रीने प्रत्यारोपित गर्भाशयातून बाळाला जन्म दिला. मे 2017 मध्ये पुण्यात भारतातले पहिले गर्भाशय प्रत्यारोपण झाले. ती तरुणीही जन्मतः गर्भाशयाविनाच होती. हे उपचार अवघड आहेत, खर्चिक आहेत आणि सर्वांसाठी नाहीत. त्यांच्याआधी लागणारी गोष्ट मात्र कोणत्याही घराला परवडणारी आहे: सोळाव्या वर्षापर्यंत पाळी आली नाही, किंवा दर महिन्याला असह्य दुखते, तर मुलीला तपासून घ्यावे, आणि जे कळेल ते आधी तिला सांगावे.