संगीताच्या तासाची घडी

प्राथमिक शाळेच्या वेळापत्रकात संगीताला जागा असते. वर्गात मात्र तो तास पुष्कळदा गणिताच्या उरलेल्या उदाहरणांत संपून जातो. याचे कारण विचारले असता तीन उत्तरे मिळतात. शाळेत पेटी नाही, शिक्षकाला गाता येत नाही, आणि मुले गाऊ लागली की शेजारचा वर्ग चालत नाही. पैकी पहिल्या दोन अडचणी वाटतात तेवढ्या मोठ्या नाहीत. खेड्यातील भजन पेटीवाचूनही रंगते, आणि मुलांना गीत शिकविण्यासाठी गवयाचा गळा लागत नाही, स्वर धरून ठेवणारा साधा गळा पुरतो. तिसरी अडचण मात्र खरी आहे. पण त्या गोंगाटाचे मूळ मुलांच्या व्रात्यपणात नसून तासाला घडी नसण्यात असते.

घडी म्हणजे काय, हे महाराष्ट्रातील मुलांना नव्याने सांगावे लागत नाही. पंढरीच्या वाटेवर ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्यात मुक्कामाच्या ठिकाणी समाज आरती होते. अनेक दिंड्यांचे टाळ-मृदंग एकाच वेळी घुमत असतात. चोपदार आपला चोप उंच करतो आणि क्षणात सारे शांत होते. ज्या दिंडीचे काही गाऱ्हाणे असेल, ती मात्र टाळ वाजवीत राहते आणि तिचे गाऱ्हाणे ऐकले जाते. एवढ्या मोठ्या समुदायाला थांबविण्यास तेथे दटावणी लागत नाही. खूण ठरलेली असते, तिचा अर्थ सर्वांना ठाऊक असतो, आणि ज्याला काही सांगावयाचे आहे त्यालाही वाट ठेवलेली असते. संगीताच्या वर्गाला हवी असलेली शिस्त हीच होय.

घडीची गरज का?

पूर्वी संगीत शिकविले जाई ते मुख्यतः गुरूसमोर बसलेल्या एकेका शिष्याला. बडोद्यास १८८६ साली मौलाबक्ष यांच्या हाताखाली गायनशाळा सुरू झाली आणि १९०१ साली पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले, तेव्हापासून वर्गात अनेकांना एकत्र शिकविण्याची पद्धत रूढ होत गेली. १९३७ च्या वर्धा शिक्षण योजनेच्या अभ्यासक्रमातही संगीताचा समावेश होता. एका शिष्याला नियमांची फारशी जरूर नसते. तीस मुलांना असते.

घडी नसलेल्या तासात प्रत्यक्ष काय घडते ते पाहावे. धीट अशी पाच-सहा मुले पुढे बसतात, तीच गातात, तीच टाळ घेतात, आणि गॅदरिंगला तीच उभी राहतात. उरलेली मुले ओठ हलवितात किंवा ओरडतात. एखाद्याचा सूर वेगळा लागला की त्याला सांगितले जाते, “तू गाऊ नकोस, नुसते तोंड हलव.” सांगणाऱ्याला हे वाक्य दुसऱ्या दिवशी आठवत नाही, ऐकणारे मूल ते जन्मभर विसरत नाही. आपल्याला गाता येत नाही असे खात्रीने सांगणाऱ्या कितीतरी प्रौढांच्या मनात असे एखादे वाक्य अद्याप असते. म्हणून घडी बसवावयाची ती शिक्षकाच्या सोयीसाठी तर खरीच. पण त्याहून अधिक, शेवटच्या रांगेतील मुलाच्या तोंडून स्वर निघावा म्हणून.

प्रवेश व बैठक

तासाचा आरंभ वर्गाच्या दारात होतो. मुलांनी रांगेने यावे आणि आपल्या ठरलेल्या जागी मांडी घालून, पाठ ताठ ठेवून बसावे. भिंतीला टेकून बसलेल्या मुलाचा श्वास अपुरा पडतो. बैठक अर्धवर्तुळाकार असावी, म्हणजे प्रत्येक मूल शिक्षकाला दिसते आणि मुलांना एकमेकांचा आवाज ऐकू येतो. जागा ठरविताना चांगला सूर असलेली मुले एका ठिकाणी न बसविता सर्व बैठकीत पेरावीत. प्रत्येक कच्च्या गळ्याच्या शेजारी एक पक्का गळा असला की निम्मे शिकविणे आपोआप होते.

मुले बसत असतानाच शिक्षकाने काही न बोलता चार मात्रांची टाळी सुरू करावी. जो बसेल त्याने तीत सामील व्हावे. सर्वांची टाळी एक झाली की शिक्षकाने हात वर करावा आणि टाळी थांबावी. या शांततेतच पहिला स्वर द्यावा. “गप्प बसा” असे दहा वेळा म्हटल्याने जे साधत नाही, ते या एका मिनिटात साधते.

खुणा थोड्या, पण पक्क्या

खुणा चारच असाव्यात. तळहात वर केला की थांबावयाचे; हात कानाशी नेला की ऐकावयाचे; दोन्ही हात मुलांकडे पसरले की म्हणावयाचे; तळहात हळूहळू खाली आणला की आवाज लहान करावयाचा. पाचवी खूण मुलांची असावी. ज्याला ओळ समजली नाही वा शब्द सुटला, त्याने डोक्यावर हात ठेवावा. पालखी सोहळ्यातील गाऱ्हाण्याची वाट ती हीच. ही खूण पाहून शिक्षकाने ओळ पुन्हा म्हणावी, रागावू नये. अन्यथा दुसऱ्या दिवसापासून कोणाचाही हात वर जाणार नाही.

सूर देणे

प्रत्येक गीत ठरलेल्या सुरातच सुरू करावे. पेटी, सूरपेटी किंवा भ्रमणध्वनीवरील तंबोरा, जे असेल त्याचा षड्ज आधी ऐकू द्यावा, मग मुलांकडून तो आकाराने धरवून घ्यावा. मुलांचा स्वरयंत्राचा पिंड लहान, म्हणून त्यांचा आवाज उंच असतो. पुरुष शिक्षकाचा आवाज साधारणतः एक सप्तक खाली असतो. पहिलीतील मूल तो खालचा आवाज धरू पाहते आणि गुरगुरल्यासारखे गाते. अशा वेळी शिक्षकाने म्हटलेला स्वर एखाद्या स्वच्छ गळ्याच्या मुलामुलीकडून पुन्हा म्हणवून घ्यावा व इतरांनी तो धरावा. षड्जापासून वरच्या षड्जापर्यंत फिरणाऱ्या साध्या चालीस काळी एक किंवा पांढरी दोन बहुतेक मुलांना सोयीची पडते. चाल मंद्र सप्तकात उतरत असेल तर सूर आणखी वर घ्यावा. मानेच्या शिरा ताणल्या गेल्या की सूर फार वर आहे आणि खालचे शब्द पुटपुटल्यासारखे झाले की फार खाली आहे, असे समजावे.

“मोठ्याने म्हणा” ही आज्ञा या तासातून काढून टाकावी. तिने गाणे वाढत नाही, ओरडणे वाढते, आणि गळे बसतात. त्याऐवजी “शेजाऱ्याचा आवाज ऐकू येईल इतके म्हणा” असे सांगावे.

राष्ट्रगीत ही या घडीची रोजची कसोटी आहे. पूर्ण राष्ट्रगीतास सुमारे ५२ सेकंद लागतात. परिपाठाच्या वेळी ते रेंगाळत असेल किंवा अखेरीस आवाज फाटत असेल, तर चूक बहुधा पहिल्या सुरात असते.

नवे गीत शिकविण्याचा क्रम

प्रथम शिक्षकाने गीत संपूर्ण म्हणावे. मुलांनी फक्त ऐकावे. दुसऱ्यांदा म्हणण्यापूर्वी एखादा प्रश्न द्यावा, उदाहरणार्थ, कोणता शब्द पुन्हा पुन्हा येतो? मग शब्द तालात बोलून घ्यावेत, नंतर एकेक ओळ स्वरात घ्यावी, दोन ओळी जोडाव्यात. मुले म्हणत असताना शिक्षकाने स्वतः म्हणू नये, ऐकावे. दोघेही एकाच वेळी गाऊ लागले तर चूक कोणालाच ऐकू येत नाही.

ताल हातावर शिकवावा. दादऱ्याच्या सहा मात्रा तीन-तीनच्या दोन विभागांत पडतात. पहिल्या मात्रेवर टाळी, चौथीवर खाली. केरव्याच्या आठ मात्रांत पहिलीवर टाळी आणि पाचवीवर खाली. ‘धा धी ना, धा ती ना’ हे बोल म्हणत अंगणात पावले टाकली की मात्रा अंगात मुरते. मग फळ्यावर लिहून दाखविणे सोपे जाते.

वाद्यांचे वाटप

तास विस्कटतो तो बहुधा वाद्ये हाती पडताना. म्हणून नियम एकच, पण कडक असावा: खूण होईपर्यंत वाद्य जमिनीवर, हात मांडीवर. टाळ, खंजिरी, टिपऱ्या, नारळाच्या करवंट्या यांपैकी जे असेल ते पाळीपाळीने सर्वांना मिळावे. पाळी हुशारीने नव्हे तर बैठकीच्या क्रमाने लागावी आणि ती फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलेली असावी, म्हणजे भांडणास कारण उरत नाही. दर आठवड्यास एक मुलगा व एक मुलगी असे दोन वाद्यनायक नेमावेत. मोजून देणे, मोजून घेणे, पेटीचा भाता बंद करून तिला कापड घालणे आणि तबल्याच्या शाईस ओला हात लागू न देणे ही त्यांची कामे. लेझीम मात्र मैदानातच असावी. खोलीत तिच्या आवाजाखाली सारे गाणे बुडते.

ज्याचा सूर लागत नाही असे मूल

अशा बहुतेक मुलांत दोष नसतो; त्यांना आपला उंच आवाज सापडलेला नसतो. शिवाराच्या पलीकडच्या माणसाला हाक मारणे, कोकिळेसारखे ओरडणे अशा खेळांतून तो सापडतो. दुसरा उपाय असा की मूल जो स्वर काढील त्याला शिक्षकाने व वर्गाने जाऊन मिळावे आणि तेथून एकेक पायरी वर न्यावे. आपला स्वर इतरांच्या स्वरात मिसळला म्हणजे कसे वाटते, हा अनुभव त्या मुलाला अशा रीतीने प्रथमच मिळतो. या कामास काही महिने लागतात. दरम्यान त्या मुलास गप्प करू नये, वर्गासमोर एकटे गावयासही लावू नये.

दोन शिक्षकी शाळेत

शिक्षण हक्क अधिनियम, २००९ प्रमाणे पहिली ते पाचवीच्या साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक असतात; म्हणजे जोडवर्ग आलेच. येथे शाहीर व झीलकरी यांची जुनी रीत कामास येते. लहान मुलांनी ध्रुवपद म्हणावे, मोठ्यांनी कडवी म्हणावीत. लहानांनी ताल धरावा, मोठ्यांनी गावे. शेजारच्या वर्गाचे लेखी काम ज्या वेळी असेल ती वेळ टाळून, मैदानी खेळाच्या वेळी गाणे घ्यावे. झाडाखाली वर्ग नेल्यास उघड्यावर आवाज पसरतो आणि मुले ओरडू लागतात. म्हणून ओसरीच्या भिंतीकडे तोंड करून बसवावे.

तासाची विभागणी व पहिला महिना

३५ मिनिटांचा तास साधारण असा विभागावा: प्रवेश व ताल ३, सूर ४, जुने गीत ८, नवे गीत १२, वाद्ये किंवा हालचाल ६, समाप्ती २ मिनिटे. शेवट नेहमी हलक्या आवाजातील ओळखीच्या गीताने व्हावा, म्हणजे पुढच्या विषयाला मुले शांत मनाने जातात.

सर्व नियम एकदम सांगू नयेत. पहिल्या आठवड्यात प्रवेश व थांबण्याची खूण, दुसऱ्यात सूर धरणे, तिसऱ्यात ऐकण्याची व म्हणण्याची पाळी, चौथ्यात वाद्ये, असा क्रम ठेवावा. नियमही गीताप्रमाणेच करून दाखवावा व सरावाने बसवावा. नियम मोडला तर शिक्षा न करता, वर्गाने ते काम पुन्हा एकवार नीट करावे.

असा महिना गेल्यावर शिक्षकाने एके दिवशी डोळे मिटून वर्गाचे गाणे ऐकावे. त्यात पुढच्या रांगेचे पाचच आवाज आहेत की सर्वांचे, हे कान लगेच सांगतील. सर्वांचे असतील तर घडी बसली असे समजावे.