मोठा ऑइल पंप म्हणजे थंड इंजिन नव्हे

नागपूरच्या मे महिन्यात पारा 45 अंशांपुढे गेला, की हवेवर थंड होणाऱ्या जुन्या फोक्सवॅगन बीटलच्या मालकांना मोठा ऑइल पंप बसवण्याचा सल्ला हमखास मिळतो. सल्ला अर्धवट आहे.

पंप फक्त तेल पुढे ढकलतो. बेअरिंगमधल्या बारीक फटी त्या तेलाला अडवतात, त्यातून दाब तयार होतो. उष्णता बाहेर काढण्याचं काम ऑइल कूलर आणि पंख्याचं. घरच्या कूलरला दुप्पट ताकदीचा पंप लावून पंखा जुनाच ठेवला, तर ताट्या जास्त भिजतात, खोली जास्त थंड होत नाही; इथंही तेच.

उलट गरजेपेक्षा मोठा पंप नुकसान करू शकतो. थंडीतल्या सकाळी तेल घट्ट असतं. तेव्हा वाढलेला दाब रिलीफ व्हॉल्व्हलाही (जादा दाब सोडणारी झडप) आवरला नाही, तर ऑइल कूलरची सीलं फुटतात. साध्या इंजिनाला 26 मिलिमीटर गिअरचा पंप पुरतो. 30 मिलिमीटरचा पंप बाहेरून जादा फिल्टर आणि कूलर जोडलेल्या इंजिनासाठी ठीक. शिवाय 1971 च्या सुमारास कॅमशाफ्टचं (झडपा उघडणारा दांडा) सपाट टोक खोलगट झालं. दोन्हींचे पंप वेगळे, त्यामुळे आधी आपला कॅमशाफ्ट ओळखा.

गरम इंजिनात मिनिटाला दर 1000 फेऱ्यांमागे सुमारे 10 पीएसआय दाब मिळत असेल, तर पंप बदलू नका. आधी कूलरवरची धूळ काढा आणि इंजिनाभोवतीचे सुटलेले पत्रे व रबर नीट बसवून घ्या.