उरणच्या धुराड्यातली वीज

उरणजवळ बोकडविऱ्याच्या वीज केंद्रात सहा संच आहेत. त्यातले वायू जाळतात फक्त चार. प्रत्येकी १०८ मेगावॉटचे हे चार संच मुंबई हायच्या समुद्रातून येणाऱ्या नैसर्गिक वायूवर चालतात. उरलेले दोन, प्रत्येकी १२० मेगावॉटचे, या चौघांच्या धुरावर पोसलेले आहेत. राज्य वीज मंडळाने ते १९९४ मध्ये सुरू केले. केंद्राच्या एकूण ६७२ मेगावॉटपैकी २४० मेगावॉटसाठी जरासाही जास्त वायू लागत नाही.

युक्ती साधी आहे. वायूच्या टर्बाइनमधून बाहेर पडणारा धूर ५०० अंशांच्या आसपास तापलेला असतो. तो थेट आकाशात न सोडता पाण्याच्या नळ्यांच्या जुडग्यांवरून फिरवतात. पाण्याची वाफ होते, वाफेवर दुसरं टर्बाइन फिरतं. अडचण एकच: मोठ्या भावांना वायू कमी मिळाला की धाकटेही उपाशी. उरणला वायूचा तुटवडा काही नवा नाही.

मग मराठवाड्यातल्या परळीच्या औष्णिक केंद्रात हेच का करत नाहीत? तिथे वाया जाणारी उष्णता थोडीथोडकी नाही. कोळशातल्या उष्णतेतला जवळपास निम्मा वाटा शीतकरण मनोऱ्यांतून हवेत जातो. पण ती उष्णता कोमट पाण्यातली आहे, ४०-४५ अंशांची. उष्णता किती आहे यापेक्षा ती भोवतालाहून किती तापलेली आहे, यावर तिचा भाव ठरतो. बाहेर ३० अंश असताना ५०० अंशांवरच्या उष्णतेतून शंभरातले साठ भाग काम मिळणं तत्त्वतः शक्य आहे; ४५ अंशांवरच्या उष्णतेतून जेमतेम पाच, तेही कागदावर.

या कोमट उष्णतेसाठी एक आडवाट सुचवली गेली आहे, आणि ती मिठातून जाते. मीठ अडवून फक्त पाणी जाऊ देणाऱ्या पडद्याच्या एका बाजूला गोडं आणि दुसऱ्या बाजूला खारं पाणी ठेवलं, तर गोडं पाणी खाऱ्याकडे ओढलं जातं. समुद्राच्या पाण्याशी ही ओढ २६-२७ बार भरते, म्हणजे सुमारे २७० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब. जिंतूर तालुक्यातलं येलदरी धरण पन्नासेक मीटरचं आहे! हा दाब टर्बाइनवर सोडायची पद्धत सिडनी लोब यांनी १९७०च्या दशकात मांडली. नॉर्वेतल्या टोफ्टे इथे २००९ मध्ये स्टॅटक्राफ्ट कंपनीने तसं केंद्र उभारलंही, पण त्याची वीज मोजायची तर किलोवॉटमध्येच. पडदे परवडेनात, आणि काही वर्षांत कंपनीने नाद सोडला.

यात वाया जाणारी उष्णता कुठे बसते? नदीचं गोडं आणि समुद्राचं खारं पाणी दोन्ही सोडून द्यायचं, एकच द्रावण बंद चक्रात फिरवायचं. ओढीमुळे पातळ झालेलं द्रावण कोमट उष्णतेवर पुन्हा वेगळं करायचं: एकीकडे घट्ट, दुसरीकडे गोडं पाणी. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २००७ मध्ये यासाठी मिठाऐवजी अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइडचं द्रावण सुचवलं, कारण थोड्याशा उष्णतेने ते दोन्ही वायू पाण्यातून निघून जातात. मराठवाड्याला यातली ‘बंद चक्र’ ही गोष्ट महत्त्वाची वाटायला हवी. पाण्याअभावी २०१३ मध्ये परळीचं केंद्र बंद ठेवावं लागलं होतं.

जपानमध्ये फुकुओकाला २०२५ मध्ये सुरू झालेलं केंद्र मात्र उघड्या चक्राचं आहे. समुद्राचं पाणी गोडं करताना उरणारं दाट खारं पाणी एका बाजूला, शुद्ध केलेलं सांडपाणी दुसऱ्या बाजूला. वर्षाला सुमारे ८ लाख ८० हजार युनिट मिळतील असा अंदाज आहे. उरणचा एक १२० मेगावॉटचा संच पूर्ण भाराने चालला, तर एवढी वीज सुमारे सात तास वीस मिनिटांत देईल.

म्हणून माझं मत उरणच्या बाजूने झुकतं: आधी कडक धूर वापरून संपवावा, कोमट पाण्याकडे नंतर वळावं. कोळशाच्या केंद्रात धुराड्याशी अजून १३० अंशांच्या आसपासचा धूर असतो. द्रावण वेगळं करायला तो मनोऱ्यातल्या पाण्यापेक्षा चांगला. पण तो याहून थंड केला तर त्यातल्या गंधकाचं आम्ल उष्णता घेणाऱ्या नळ्यांवर जमतं आणि नळ्या खाऊन टाकतं. परळीत बंद चक्राचं यंत्र बसवायचं म्हटलं, तर पडद्यांच्या आधी या नळ्यांचा धातू कोणता, तेच ठरवावं लागेल.