पावती आणि फेरफार

२०१९ च्या पावसाळ्यात मी पुण्यातल्या सदाशिव पेठेत अक्षरजुळणीच्या एका छोट्या कार्यालयात गेलो, तेव्हा टेबलावर तीन वस्तू मांडून ठेवल्या होत्या. बंद पडलेला संगणक, नवा कोरा संगणक, आणि काडेपेटीएवढी एक डबी. डबी म्हणजे मराठी लिपीच्या सॉफ्टवेअरचं ‘लॉक’. जुन्या संगणकाच्या पाठीमागे, प्रिंटरची जाड केबल लागते त्या पोर्टात ती खोचलेली असे, आणि ती असेल तरच सॉफ्टवेअर उघडे. नव्या संगणकाला ते पोर्टच नव्हतं. बाजारातून आणलेल्या अडॅप्टरवर प्रिंटर चालला, लॉक काही ओळखलं गेलं नाही.

“अरे, रोख पैसे मोजून घेतलंय मी. ही पावती बघ,” आप्पा म्हणाले. पावती खरी होती. अडकलं होतं ते पंधरा दिवाळी अंकांचं मूळ लेखन. युनिकोडपूर्वीच्या त्या फायली दुसऱ्या संगणकावर उघडल्या, की मराठीच्या जागी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसे.

परवान्यांचा हिशेब ठेवणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. कंपन्यांच्या हजारो यंत्रांवर कुठलं सॉफ्टवेअर कुठल्या हक्कानं चालतंय, ते मी जुळवून पाहतो. त्यामुळे आप्पांचा सवाल मला नवा नव्हता. पैसे मोजल्यावर हाती येतो तो वापराचा हक्क. तो अमुक यंत्राला लावणं ही वेगळी क्रिया आहे. खरेदीखत झालं तरी फेरफार होऊन सातबाऱ्यावर नाव चढेपर्यंत तलाठी आपल्याला विचारत नाही, तसंच हे. फरक एवढाच, की गट नंबर जागचा हलत नाही. संगणक हलतो, मरतो, आणि आता तर एकाच्या पोटात दहा निघतात.

१९६९ मध्ये आयबीएमनं यंत्र आणि प्रोग्रॅम यांची किंमत वेगळी करायचं जाहीर केलं. तोवर प्रोग्रॅम यंत्राबरोबरच येई, त्यामुळे ‘कुठल्या यंत्रासाठी’ हा प्रश्न उद्भवायचं कारण नव्हतं. प्रोग्रॅमला स्वतंत्र किंमत आली आणि त्याचं यंत्राशी असलेलं नातं कागदावर लिहावं लागलं. पुढे ते लिहिण्याच्या नाना तऱ्हा निघाल्या: यंत्राचा अनुक्रमांक, नेटवर्क कार्डाचा क्रमांक, आप्पांसारखी डबी. २००१ च्या ऑक्टोबरात आलेल्या विंडोज एक्सपीनं यंत्राच्या निरनिराळ्या भागांवरून त्याची एक ओळख बनवली आणि ती नोंदवायला तीस दिवस दिले. एखाददुसरा भाग बदलला तर ओळख टिके. बरेच बदलले, की पुन्हा परवानगी मागायची. किती भाग बदलल्यावर यंत्र ‘दुसरं’ होतं? तत्त्वज्ञांनी शतकानुशतकं चघळलेला प्रश्न एका कंपनीनं चक्क मोजून सोडवला, याची मला आजही गंमत वाटते.

पण खरा गुंता सर्व्हरवर. तिथे एका लोखंडी यंत्रात अनेक आभासी संगणक चालतात. विंडोज सर्व्हरचा परवाना २०१६ च्या आवृत्तीपासून कोअर मोजून मिळतो; यंत्रामागे निदान १६ कोअर धरावेच लागतात. समजा, दोन यंत्रं आहेत, प्रत्येकात २४ कोअर. पहिल्याच्या चोवीसही कोअरांना स्टँडर्ड परवाना लावला, तर त्यावर दोन आभासी संगणक चालवायची मुभा मिळते. तिसरा हवा असेल, तर त्याच चोवीस कोअरांचा परवाना पुन्हा घ्यायचा. इथवर सरळ हिशेब आहे. आता रात्री दुरुस्तीसाठी पहिलं यंत्र बंद केलं, आणि त्यावरचे संगणक आपोआप दुसऱ्यावर सरकले. वापरणाऱ्याला काही कळलंही नाही. पण दुसऱ्या यंत्राला परवाना लावलेला नसेल, तर त्या रात्रीचा वापर बिनहक्काचा झाला. परवाना तात्पुरता इकडून तिकडे करावा म्हटलं, तर एकदा लावल्यावर तो साधारणपणे नव्वद दिवस हलवता येत नाही. यंत्र कायमचं निकामी झालं तरच अपवाद. ओरॅकलच्या डेटाबेसला तर कोअरची संख्या चिपच्या जातीप्रमाणे ठरलेल्या गुणांकानं गुणायची. इंटेलच्या झिऑन चिपांना तो ०.५ आहे. म्हणजे सॉफ्टवेअर तेच, कोअर तितकेच, चिप बदलली की लागणारे परवाने बदलले. तपासणीत पकडले जाणारे बहुतेक लोक चोर नसतात. त्यांच्याकडे पावत्या असतात, फेरफार नसतो.

कायद्याच्या दारीही हा दुहेरीपणा आहेच. २००४ मध्ये टीसीएसच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं तयार सॉफ्टवेअरला ‘माल’ ठरवलं आणि विक्रीकर लागू केला. २०२१ मध्ये, प्राप्तिकराच्या एका प्रकरणात, त्याच न्यायालयानं स्पष्ट केलं की असं सॉफ्टवेअर घेणाऱ्याला मिळतो तो फक्त वापराचा परवाना, स्वामित्वहक्क नव्हे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. चकती आप्पांची, चकतीवरचं आप्पांचं नाही, ते अटींसह वापरायचं. आपला १९५७ चा स्वामित्वहक्क कायदा कायदेशीर ताबा असणाऱ्याला प्रोग्रॅमची राखीव प्रत ठेवू देतो. आप्पांनी ती जपून ठेवलीही होती. पण लॉकवाचून ती नुसती चकती.

आम्ही निर्मात्या कंपनीला फोन लावला. ती आवृत्ती बंद झाली, नवी घ्या, असं उत्तर आलं. लॉक फोडून देणारेही गावात होते. आप्पांनी नको म्हटलं. “मी छापखान्यातला माणूस. दुसऱ्याच्या हक्काचं मला सांगू नकोस.”

मग तपकीर गल्लीत दोन दुपारी हिंडून त्या जुन्या पोर्टाचा एक वापरलेला मदरबोर्ड मिळाला. जुनीच हार्ड डिस्क त्यावर चढवली, डबी खोचली, आणि तिसऱ्या खटपटीत पडद्यावर मराठी उमटली. एक अंक, मग दुसरा, असं करत सगळं युनिकोडमध्ये आणायला आठ महिने लागले. रफार आणि जोडाक्षरं सर्रास बिघडत. आप्पांची सून छापील अंक शेजारी घेऊन ओळन् ओळ तपासत होती.

जुना संगणक अजून तिथेच, कोपऱ्यात आहे. त्याच्या वहीत मी पहिल्या पानावर लॉकचा क्रमांक, पावतीचा क्रमांक, यंत्र आणि तारीख लिहून दिली. खाली आप्पांनी सही केली, आणि सवयीनं शिक्काही मारला.