मामांची स्मृती आणि प्रयोगशाळेतील कपाटे

पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत एक माणूस असा असतो की, त्याचे नाव वेळापत्रकात कोठेच नसते. पण तो आला नाही तर एकही प्रयोग वेळेवर सुरू होत नाही. तो म्हणजे प्रयोगशाळेचा परिचर. आमच्या महाविद्यालयातील या गृहस्थांना सारेजण 'मामा' म्हणतात. त्यांची नोकरी २२ वर्षांची. कोणता गॅल्व्हानोमीटर शून्यावर येत नाही, कोणत्या स्क्रू गेजचा शून्यदोष किती, हे त्यांना तोंडपाठ.

दोन वर्षांपूर्वी जूनमधल्या एका पावसाळी संध्याकाळी मामांची दुचाकी घसरली. हेल्मेट होते, पण ते हँडलला अडकवलेले. डोके रस्त्यावर आपटले आणि मामा बेशुद्ध झाले. सुदैवाने शस्त्रक्रिया लागली नाही. काही आठवड्यांत ते हिंडूफिरू लागले. आम्हांला वाटले, संकट टळले. दिवाळीनंतर मामा कामावर आले आणि पहिल्याच दिवशी तीन गोष्टी घडल्या. त्या नीट लक्षात ठेवा, कारण पुढचे सारे विवेचन त्यांवरच उभे आहे.

पहिली गोष्ट. स्क्रू गेज काढायला मामा खिडकीजवळच्या कपाटाकडे गेले. तेथे कपाटच नव्हते. अपघातापूर्वी काही महिने आम्ही प्रयोगशाळेची सारी मांडणी बदलली होती, आणि ती मामांनीच उभे राहून करून घेतली होती. "सर, कपाटं कुणी हलवली?" असे त्यांनी मलाच विचारले.

दुसरी गोष्ट. सकाळी दहा वाजता मी त्यांना सांगितले, "मामा, दुपारच्या तुकडीला मीटर ब्रिज मांडा." ते "हो सर" म्हणाले. बारा वाजता पाहतो तो टेबले रिकामी. "तुम्ही मला काही सांगितलंच नाही सर," असे ते म्हणाले. ते खोटे बोलत नव्हते.

तिसरी गोष्ट. संध्याकाळी एका रोधपेटीची आतली तार सुटलेली आढळली. मी सोल्डरिंग आयर्न त्यांच्या हाती दिले. मामांनी टोक पुसले, तार खरवडली आणि दोन मिनिटांत असा चकचकीत डाख दिला की, माझ्या हातून तो कधीच झाला नसता.

मागचे वर्ष पुसले गेले, दहाचे वाक्य बाराला राहिले नाही; पण हातातली कला मात्र जशीच्या तशी! असे कसे झाले?

डोके आपटते तेव्हा

प्रथम आपल्या ओळखीचे गणित करू. पडताना डोके साधारण १.५ मीटर उंचीवरून खाली येते असे धरा. पडण्याची उंची h आणि थांबायला लागलेले अंतर d असेल, तर थांबतानाचे सरासरी मंदन गुरुत्वत्वरणाच्या h/d पट असते. हे गतीच्या समीकरणांवरून तुम्ही स्वतः सिद्ध करा. रस्ता दबत नाही आणि कवटीही फारशी दबत नाही. थांबण्याचे अंतर ५ मिलिमीटर धरले, तर १५०० भागिले ५, म्हणजे मंदन गुरुत्वत्वरणाच्या ३०० पट! हेल्मेटच्या आतला फेसासारखा थर २५ मिलिमीटर दबला, तर तेच मंदन ६० पटींवर येते. हेल्मेट डोक्याला 'कठीण' करत नाही. ते थांबायला जागा देते. हँडलला अडकवलेले हेल्मेट मात्र केवळ हँडलचे रक्षण करते.

आता आत काय होते ते पाहा. सुमारे १.४ किलोग्रॅम वजनाचा मऊ मेंदू कवटीत द्रवाने वेढलेला असतो. कवटी एकदम थांबते. पण जडत्वामुळे मेंदू पुढे जात राहतो. डोक्याला गिरकी बसली असेल तर त्याचे वेगवेगळे भाग एकमेकांवर सरकू पाहतात आणि चेतापेशींचे लांब, बारीक तंतू ताणले जातात. कवटीच्या तळाशी हाडाचे खडबडीत कंगोरे असतात. त्यांच्यावर मेंदूचा पुढचा भाग आणि कानांजवळचा भाग घासतो. नेमका याच भागांचा लक्ष देण्याशी आणि स्मरणाशी निकटचा संबंध आहे. म्हणून बाहेरून धडधाकट दिसणारा माणूस आतून बराच जखमी असू शकतो.

स्मृतीची खाती अनेक

आपण स्मृतीला एखादी पेटी समजतो. वस्तुतः तिची खाती अनेक आहेत, हे शास्त्रज्ञांना एका रुग्णामुळे स्पष्टपणे कळले. अमेरिकेतील हेन्री मोलायसन या २७ वर्षांच्या तरुणाला अपस्माराचे तीव्र झटके येत. १९५३ साली विल्यम स्कोव्हिल या शल्यविशारदाने त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस या भागाचा बराचसा अंश काढून टाकला. झटके कमी झाले. पण त्यानंतर हेन्रीला नवीन काहीच आठवणीत ठेवता येईना. आत्ताच भेटलेला माणूस काही मिनिटांनी पुन्हा नवा!

कॅनडातील मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला एक काम दिले: कागदावर छापलेल्या चांदणीच्या दुहेरी कडांमधून पेन्सिल फिरवायची, पण कागद आणि हात केवळ आरशातून पाहायचे. हे तुम्हीही घरी करून पाहा. पहिल्या खेपेला पेन्सिल भलतीकडेच धावते, सरावाने जमते. हेन्रीचा हातही दररोज सुधारत गेला. तीन दिवसांत त्याला ते चांगले जमू लागले. मात्र आपण हे पूर्वी केले आहे, याची त्याला आठवणच नव्हती. म्हणजे घटना लक्षात ठेवणारे खाते निराळे आणि हाताची सवय जपणारे खाते निराळे. मामांचा डाख कसा टिकला, ते आता कळले ना?

मग मागचे वर्षच का गेले? फ्रेंच मानसशास्त्रज्ञ थेओड्यूल रिबो यांनी १८८१ सालीच एक नियम मांडला होता: आघातात नव्या आठवणी आधी जातात, जुन्या टिकतात. आठवण मेंदूत ताबडतोब पक्की होत नाही. चेतापेशींमधले जोड बळकट व्हायला वेळ लागतो. ओल्या सिमेंटवर पाय पडला तर ठसा उमटतो, वाळलेल्यावर उमटत नाही. तसेच काहीसे हे आहे. खिडकीजवळचे कपाट २० वर्षांचे जुने, म्हणून पक्के. नवी मांडणी ओली, म्हणून गेली.

माझी चूक

प्रयोगशाळेची जबाबदारी माझ्याकडे होती, म्हणून मामांना मदत करण्याचा मी माझ्या परीने प्रयत्न सुरू केला. मी शिक्षक, मला एकच पद्धत ठाऊक, ती म्हणजे तोंडी परीक्षा. "आठवा पाहू मामा, लोलक कोणत्या कपाटात?" मामा घाबरून अंदाज करत. चुकले की मी दुरुस्त करी. एकदा तर मी हे विद्यार्थ्यांसमोर केले. काही मुले हसली. दुसऱ्या दिवशी मामा पुन्हा त्याच चुकीच्या कपाटाकडे गेले. त्या संध्याकाळी ते मला म्हणाले, "सर, मी राजीनामा देतो. मुलांसमोर असं नको."

मेंदूच्या दुखापतीनंतर पुनर्वसनाचे काम करणाऱ्या एका मानसशास्त्रज्ञ बाईंना मी हे सांगितले. त्या म्हणाल्या, "तुम्ही त्यांना चूकच पाठ करवता आहात." आपण चुकतो तेव्हा 'काल हे चुकले होते' ही घटना आपल्याला आठवते आणि आपण सावध होतो. ज्याचे घटनांचे खाते दुबळे आहे, त्याच्यापाशी चूक केल्याची आठवण राहत नाही. पाय मात्र चुकीची वाट शिकून बसतात. ब्रिटनमधील अ‍ॅलन बॅडली आणि बार्बरा विल्सन यांनी १९९४ साली प्रयोगांनी दाखवले की, अशा रुग्णांना अंदाज करायला न लावता सुरुवातीपासून बरोबर उत्तरच दिले, तर त्यांचे शिकणे अधिक चांगले होते. याला 'चुकीविना शिक्षण' म्हणता येईल.

कपाटे परत हलली

मग आम्ही काय केले? सर्वांत आधी विद्यार्थ्यांच्या मदतीने एका शनिवारी सारी कपाटे जुन्या जागी नेली. माणसाची स्मृती हलवण्यापेक्षा कपाट हलवणे केव्हाही सोपे! सोमवारी मामा आत आले, स्क्रू गेज मागताच सरळ खिडकीकडे गेले आणि ते घेऊन आले. त्यांनी काहीच विचारले नाही.

प्रत्येक कपाटावर आतल्या वस्तूंची चिठ्ठी लावली. मामांच्या खिशात एक वही आली. सूचना एका वेळी एकच द्यायची, ती मामांनी स्वतःच्या अक्षरात लिहायची आणि काम झाले की खूण करायची. साडेचार वाजता त्यांच्या मोबाईलचा गजर वाजतो. मग दारावरच्या यादीप्रमाणे सारी बटणे बंद करायची. मुख्य बटण बंद झाल्याची सही दुसऱ्याने करायची, कारण विजेच्या बाबतीत कोणाच्याच स्मृतीवर विसंबू नये. पहिले तीन महिने त्यांना अर्धा दिवसच काम दिले. जखमी मेंदू लवकर दमतो आणि दमला की विसरणे वाढते. तो आळस नव्हे.

विद्यार्थ्यांना एकच नियम घातला: "मामा, ओळखलंत का मला?" असे विचारायचे नाही. आपल्याकडे आजारी माणसाला हा प्रश्न हटकून विचारतात आणि त्याची नकळत परीक्षा घेतात. त्याऐवजी मुले स्वतःच सांगू लागली, "मामा, मी अकरावीतली, मला लोलक हवा आहे."

एका वरिष्ठांचे मत होते की, मामांना घरी पाठवावे. तेव्हा कायद्याचे पुस्तक उघडावे लागले. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ यातील कलम २० सांगते की, सरकारी आणि सरकारी अनुदानावरील आस्थापनेत नोकरीत असताना कोणाला अपंगत्व आले, तर त्याला काढता येत नाही किंवा खालच्या पदावर नेता येत नाही. आधीचे काम झेपत नसेल तर त्याच वेतनावर दुसरे काम द्यावे लागते. चर्चा तेथेच संपली.

आज मामा पूर्ण बरे झाले आहेत, असे मी म्हणणार नाही. अपघाताचा दिवस त्यांना अजून आठवत नाही आणि बहुधा आठवणारही नाही. पुसलेल्या वर्षापैकी बराच भाग मात्र हळूहळू परत आला. जुना आधी, नवा मागाहून. वही अजून खिशात असते. गेल्या प्रात्यक्षिक परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एकदम चार वस्तू मागितल्या. मामा शांतपणे म्हणाले, "थांबा सर, लिहून घेतो." चारही वस्तू आल्या. परीक्षक मला हळूच म्हणाले, "तुमचे मामा फार व्यवस्थित आहेत हो!"

मित्रहो, तुमच्या शाळेतही कोणी शिपाईमामा, कोणी बाई, कदाचित एखादा वर्गमित्र अशा दुखापतीनंतर परत येईल. त्याला प्रश्न विचारण्याआधी स्वतःचे नाव सांगा. आणि आरशातल्या चांदणीचा प्रयोग अवश्य करा; रोज किती वेळा रेघ ओलांडली ते मोजून आलेख काढा. प्रयोगासाठी मित्राकडे सायकलने जायचे असेल, तर हेल्मेट डोक्यावर घाला आणि त्याचा पट्टा आवळा.